पूर्ण संख्येचे द्विमान पत्रक कसे तयार करावे : १८५३ हे उदाहरण घेऊन

संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला द्विमान पद्धती, म्हणजे फक्त ० आणि १ या अंकांनी संख्या लिहिण्याची पद्धती, शिकवली जाते ती बहुधा रूपांतरापुरतीच. दशमानाचे द्विमान करायचे, द्विमानाचे दशमान करायचे, दोन-चार बेरजा सोडवायच्या आणि प्रकरण संपवायचे. मग प्रकल्पात किंवा तोंडी परीक्षेत ‘या संख्येचे द्विमान रूप लिहून तिचे गणिती गुणधर्म सांगा’ असा प्रश्न आला की सम-विषम सांगून झाल्यावर पुढे काय लिहायचे हे सुचत नाही. मुंबईत नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गांना जात मी हा विषय शिकलो. तेव्हा जी क्रमवार मांडणी हाताशी असायला हवी होती असे वाटत राहिले, ती येथे देत आहे.

उदाहरणासाठी १८५३ ही संख्या घेऊ. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी धावली, त्यामुळे मुंबईकरांना ही संख्या पाठ करावी लागत नाही. शिवाय गुणधर्मांच्या दृष्टीनेही ती चांगली भरलेली आहे.

लागणारे साहित्य

चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर आणि २ च्या घातांचा तक्ता एवढे पुरते. तक्ता १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६, ५१२, १०२४, २०४८ असा पहिल्याच पानावर लिहून ठेवावा. चौकटीच्या वहीचा आग्रह मुद्दाम धरतो आहे, कारण साध्या रेघांच्या वहीत अकरा-बारा अंकांची ओळ सरकते आणि शून्ये मोजताना हमखास गडबड होते. संख्येच्या गुणधर्मांच्या या पत्रकाला तीन स्तंभ आखावेत : गुणधर्म, उत्तर, आणि तिसऱ्या अरुंद स्तंभात ‘सं’ किंवा ‘ले’ ही खूण. गुणधर्म संख्येचा स्वतःचा असेल, म्हणजे ती कोणत्याही पद्धतीत लिहिली तरी टिकणारा असेल, तर ‘सं’ लिहावे. तो केवळ द्विमान लेखनामुळे दिसत असेल तर ‘ले’ लिहावे. हा स्तंभ भरणे हेच या साऱ्या कामातले खरे गणित आहे.

१. द्विमान रूप काढणे

संख्या निम्मी करत जावी, अपूर्णांक सोडून द्यावा, आणि प्रत्येक टप्प्यावर संख्या विषम असेल तर तिच्याखाली १, सम असेल तर ० लिहावा. आपल्या उदाहरणात १८५३, ९२६, ४६३, २३१, ११५, ५७, २८, १४, ७, ३, १ अशा संख्या येतात आणि त्यांच्याखाली अनुक्रमे १, ०, १, १, १, १, ०, ०, १, १, १ हे अंक येतात. हे अंक शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायचे असतात. म्हणून १८५३ चे द्विमान रूप १११००११११०१ असे होते.

सर्वांत जास्त फसगत याच वाचनात होते. तेच अंक सुरुवातीकडून वाचले तर १०११११००१११ मिळते आणि ती संख्या १५११ आहे. सरावासाठी ९ किंवा ३३ यांसारखी संख्या घेतली असेल, तर १००१ आणि १००००१ ही रूपे दोन्ही बाजूंनी सारखीच असल्यामुळे वाचनाची दिशा चुकली तरी उत्तर बरोबर येते आणि चुकीची सवय पक्की होते. म्हणून पडताळणी नेहमी तक्त्यावरून करावी : १०२४ + ५१२ + २५६ + ३२ + १६ + ८ + ४ + १ = १८५३.

रूप मोठ्याने वाचताना ‘एक-एक-एक-शून्य-शून्य’ असेच वाचावे. ‘एकशे अकरा’ असे वाचायची सवय लागली की दशमान आणि द्विमान यांची डोक्यात सरमिसळ होते.

२. लांबी, शेवटची शून्ये आणि विषम भाग

१८५३ ही १०२४ आणि २०४८ यांच्या मधली संख्या असल्यामुळे तिचे रूप ११ अंकी आहे. ही लांबी लेखनाची बाब आहे, तरी तिच्यावरून संख्या २ च्या कोणत्या दोन घातांमध्ये बसते हे लगेच कळते.

शेवटी किती शून्ये आहेत, यावरून संख्येला २ ने किती वेळा नि:शेष भाग जातो ते समजते, आणि ही शून्ये काढून टाकल्यावर उरतो तो संख्येचा विषम भाग. १८५३ विषम असल्यामुळे येथे फारसे काही घडत नाही. ४०० चे रूप मात्र ११००१०००० आहे : शेवटी चार शून्ये, म्हणून १६ ने भाग जातो, आणि विषम भाग ११००१, म्हणजे २५. शून्ये अंकांत दिसत असली तरी ‘२ ने चार वेळा भाग जातो’ ही गोष्ट संख्येची आहे, म्हणून येथे ‘सं’.

शेवटचा १ खोडण्याची एक युक्ती याच ठिकाणी शिकून घ्यावी. संख्येतून एक वजा करावा आणि दोन्ही रूपे एकाखाली एक मांडून, जेथे दोन्हीकडे १ आहे तेथेच १ ठेवावा. ४०० म्हणजे ११००१०००० आणि ३९९ म्हणजे ११०००११११. या दोहोंतून ११०००००००, म्हणजे ३८४ उरते. अशा रीतीने एकदाच खोडल्यावर शून्य उरले, तर मूळ संख्या २ चा घात होती असे समजावे.

३. विभाज्यता

शाळेत ३ आणि ९ साठी अंकांची बेरीज, ११ साठी एकाआड एक अंकांच्या बेरजांतील फरक, या कसोट्या आपण शिकलेल्या असतो. द्विमानातही त्यांची भावंडे आहेत, फक्त भाजक बदलतात.

३ साठी : उजवीकडून स्थाने ०, १, २ अशी मोजावीत. २ च्या घातांना ३ ने भागले असता बाकी आळीपाळीने १ आणि २ येते, आणि २ ऐवजी उणे १ म्हटले तरी चालते. म्हणून सम स्थानांवरील एकांच्या संख्येतून विषम स्थानांवरील एकांची संख्या वजा करावी. १८५३ मध्ये सम स्थानांवर ५ एक आहेत (०, २, ४, ८, १०) आणि विषम स्थानांवर ३ (३, ५, ९). फरक २, म्हणून बाकी २. स्थाने १ पासून मोजायला सुरुवात केली तर चिन्ह उलटते आणि बाकी २ च्या जागी १ येते. स्थानांची मोजणी शून्यापासूनच हवी ती यासाठी.

५ साठी उजवीकडून दोन-दोन अंकांचे गट करून आळीपाळीने बेरीज-वजाबाकी करावी : १ − ३ + ३ − ० + ३ − १ = ३, म्हणून बाकी ३.

७ साठी तीन-तीन अंकांचे गट करून सरळ बेरीज करावी, कारण ८ ला ७ ने भागल्यास बाकी १ येते. ०११, १००, १११, १०१ म्हणजे ३ + ४ + ७ + ५ = १९, म्हणून बाकी ५. डावीकडचा गट अपुरा पडला तर पुढे शून्य लावून घ्यावे.

तीन अंकी गट ओळखायला वेळ लागत असेल, तर मराठी वृत्ते शिकलेल्यांना एक आयता आधार आहे. लघूला ० आणि गुरूला १ माना. मग ‘यमाताराजभानसलगा’ या सूत्रातील आठ गण म्हणजे तीन अंकांची आठही रूपे होत : न ०००, स ००१, ज ०१०, य ०११, भ १००, र १०१, त ११०, म १११. या हिशेबाने १८५३ म्हणजे ‘य भ म र’. सूत्रात एक-एक अक्षर पुढे सरकत तीन-तीन अक्षरे घेतली की प्रत्येक रूप नेमके एकदाच येते. हे ज्याने रचले त्याची हुशारी चौकटीच्या वहीवर अधिकच पटते. लघु-गुरूंच्या अशा मांडण्यांचा पद्धतशीर विचार पिंगलाच्या छंदःशास्त्रात आहे, आणि तो संगणकाच्या कितीतरी शतके आधीचा आहे.

१७ साठी चार-चार अंकांचे गट आणि आळीपाळीने बेरीज-वजाबाकी, कारण १६ म्हणजे १७ च्या हिशेबाने उणे १. १८५३ चे गट ०१११, ००११, ११०१, म्हणजे ७, ३ आणि १३. उजवीकडून १३ − ३ + ७ = १७. याचा अर्थ १८५३ ला १७ ने नि:शेष भाग जातो. भागाकार १०९ येतो आणि १०९ ही मूळ संख्या आहे, म्हणून १८५३ = १७ × १०९. हे द्विमानात करून पाहावेच : १७ म्हणजे १०००१, त्यामुळे गुणाकार करायचा म्हणजे १०९ चे रूप ११०११०१ चार घरे डावीकडे सरकवून त्यात तेच रूप पुन्हा मिळवायचे. ११०११०१०००० + ११०११०१ = १११००११११०१.

या पायरीवरील सर्व उत्तरांसमोर ‘सं’ लिहावे. कसोटी द्विमान लेखनाची असली तरी निष्कर्ष संख्येचा आहे. बहुतेकांच्या खुणा याच ठिकाणी चुकतात.

४. शेवटच्या अंकांवरून वर्गसंख्यांची पारख

कोणत्याही विषम वर्गसंख्येचे द्विमान रूप ००१ ने संपते, कारण तिला ८ ने भागल्यास बाकी १ येते. (फक्त १ या संख्येपुढे शून्ये लावून घ्यावी लागतात.) १८५३ चे रूप १०१ ने संपते, म्हणून ती वर्गसंख्या नाही, हे वर्गमूळ न काढता सांगता येते. उलट दिशेचे विधान मात्र करू नये. १७ चे रूपही ००१ ने संपते, पण ती वर्गसंख्या नाही.

दोन वर्गांच्या बेरजेसाठी शेवटचे दोन अंक पाहावेत. विषम संख्या ११ ने संपत असेल तर ती दोन वर्गांची बेरीज होऊच शकत नाही. ०१ ने संपत असेल तर होण्याची शक्यता असते, पण खात्री नसते : २१ म्हणजे १०१०१, तरीही ती दोन वर्गांची बेरीज नाही. खात्री अवयवांवरून मिळते. १७ आणि १०९ या दोन्ही मूळ संख्यांचे रूप ०१ ने संपते, म्हणून १८५३ दोन वर्गांत मांडता येते, आणि तेही दोन प्रकारे : ४३² + २² आणि ३७² + २२².

तीन वर्गांच्या बाबतीत नियम पूर्ण आहे. शेवटची शून्ये सम संख्येने असतील (एकही नसेल तरी चालेल) आणि ती काढल्यावर रूप १११ ने संपत असेल, तर ती संख्या तीन वर्गांची बेरीज नसते. इतर प्रत्येक संख्या असते. २८ म्हणजे १११००, म्हणून नाही. १४ म्हणजे १११०, शून्य एकच, म्हणून होय : ९ + ४ + १. फ्रेंच गणितज्ञ लजांद्र याचा हा सिद्धांत अंकांच्या इतक्या सोप्या आकृतिबंधात उतरतो, ही मला तरी या विषयातील सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

५. एकांची संख्या

रूपात १ हा अंक किती वेळा आला ते मोजावे. १८५३ मध्ये ८ एक आहेत. ही संख्या सम असेल तर इंग्रजी पुस्तकांत त्या पूर्ण संख्येला ‘ईव्हिल’ आणि विषम असेल तर ‘ओडियस’ म्हणतात. म्हणून १८५३ ईव्हिल ठरते आणि ४०० ओडियस. नावांवर जाऊ नये, येथे नुसती सम-विषमता नोंदवायची आहे.

वरवर पाहता हा निव्वळ लेखनाचा गुणधर्म आहे आणि पत्रकात ‘ले’ लिहून पुढे जावेसे वाटते. तसे करू नये, कारण एकांची संख्या अंकगणितात अनपेक्षित ठिकाणी उगवते.

पहिले ठिकाण क्रमगुणिताचे. १ पासून संख्येपर्यंतच्या सर्व संख्यांच्या गुणाकाराला २ ने किती वेळा नि:शेष भाग जातो, हे शोधायचे असेल तर संख्येतून तिच्या एकांची संख्या वजा करावी. १० म्हणजे १०१०, त्यात दोन एक, म्हणून उत्तर ८. पडताळा घ्यावा : १० चे क्रमगुणित ३६२८८००, आणि ते २५६ × १४१७५ आहे, म्हणजे २ चा आठवा घात गुणिले विषम संख्या. याच न्यायाने १८५३ च्या क्रमगुणिताला २ ने १८४५ वेळा भाग जातो. ती राक्षसी संख्या द्विमानात लिहिली तर तिच्या शेवटी १८४५ शून्ये असतील, आणि हे कळायला एकही गुणाकार करावा लागला नाही.

दुसरे ठिकाण मेरुप्रस्ताराचे, ज्याला पाठ्यपुस्तके पास्कलचा त्रिकोण म्हणतात आणि ज्यात प्रत्येक संख्या वरच्या दोन शेजारी संख्यांची बेरीज असते. एकांची संख्या जितकी, तितक्या वेळा २ चा गुणाकार करावा. मूळ संख्येच्या क्रमांकाच्या ओळीतील विषम संख्या तेवढ्याच असतात. ५ म्हणजे १०१, म्हणून पाचव्या ओळीत चार विषम संख्या हव्यात. ओळ १, ५, १०, १०, ५, १ अशी आहे आणि विषम संख्या खरोखर चारच आहेत. १८५३ व्या ओळीत १८५४ संख्या असतात, आणि त्यांपैकी विषम फक्त २५६. वरच्या टोकाचा एकटा १ ही शून्यावी ओळ धरायची असते. तिला पहिली धरले की सगळे उत्तर एका ओळीने घसरते.

मी येथे ‘ले’ लिहून त्याच्या बाजूला बाण काढतो आणि बाणापुढे वरचे दोन निष्कर्ष ‘सं’ म्हणून नोंदवतो.

६. उलट वाचन आणि सगळे एक असलेली रूपे

रूप दोन्ही बाजूंनी सारखे आहे का, ते पाहावे. १८५३ चे नाही. उलट वाचल्यास मघाची १५११ मिळते, आणि गंमत म्हणजे ती मूळ संख्या आहे. ही खूण नि:संशय ‘ले’. उलटसुलट सारख्या रूपांना पत्रकांत नेहमी मोठी जागा मिळते. ती मला अवाजवी वाटते, म्हणून एका ओळीत आटपावे.

सगळे अंक १ असलेली रूपे, म्हणजे ३, ७, १५, ३१ इत्यादी, अधिक मोलाची आहेत. अशा रूपाची लांबी संयुक्त असेल तर संख्याही संयुक्त असते. लांबी मूळ असेल तर संख्या मूळ असू शकते, पण असेलच असे नाही. अकरा एकांची २०४७ ही २३ × ८९ आहे. ज्ञात असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाली, तीही याच जातीची आहे : द्विमानात ती १३,६२,७९,८४१ एकांची नुसती माळ आहे. मूळ असलेल्या अशा प्रत्येक माळेमागे तिच्या लांबीपेक्षा एक कमी इतकी शून्ये लावली की परिपूर्ण संख्या (स्वतः सोडून बाकी सर्व भाजकांची बेरीज जिच्याइतकीच येते ती) मिळते : ११० म्हणजे ६, १११०० म्हणजे २८, १११११०००० म्हणजे ४९६.

७. कापरेकरांच्या दोन कल्पना द्विमानात

देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे काम दशमान अंकांवरचे आहे, पण त्यातल्या दोन कल्पना द्विमानात करून पाहण्यासारख्या आहेत.

डेम्लो संख्यांना त्यांनी ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी.आय.पी.) रेल्वेवरील डोंबिवली स्थानकावरून नाव दिले. त्यांतील अद्भुत म्हटल्या जाणाऱ्या संख्या म्हणजे सगळे एक असलेल्या संख्यांचे वर्ग : दशमानात १२१, १२३२१ आणि पुढे. द्विमानात तोच वर्ग केला तर ३² = १००१, ७² = ११०००१, १५² = १११००००१ मिळते. अंकांची चढउतार गायब होते, कारण द्विमानात लगेच हातचा येतो, तर दशमानात नऊ एकांपर्यंत तो येत नाही. डेम्लो संख्यांची ही चढउतार ‘ले’ आहे याचा हा धडधडीत पुरावा.

स्वयंभू संख्येची व्याख्या अशी : कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही, ती स्वयंभू. द्विमानात अंकांची बेरीज म्हणजे एकांची संख्या. त्यामुळे येथे स्वयंभू संख्या १, ४, ६, १३, १५, १८, २१ अशा सुरू होतात. १८५३ स्वयंभू आहे का, हे पाहण्यासाठी तिच्या आधीच्या दहा-अकरा संख्या तपासणे पुरते, कारण २०४७ च्या खालच्या कोणत्याही संख्येत दहापेक्षा जास्त एक नसतात. १८४६ चे रूप १११००११०११०, त्यात ७ एक, आणि १८४६ + ७ = १८५३. जिच्यापासून १८५३ तयार होते ती संख्या, म्हणजे तिचा जनक, सापडला, म्हणून १८५३ स्वयंभू नाही.

८. संगणकावर पडताळणी करताना

हाताने काम झाल्यावरच संगणकाकडे वळावे, आणि तेव्हा तीन सापळे लक्षात ठेवावेत.

एक्सेलमधील ‘डेक-टू-बिन’ हे सूत्र ५११ पर्यंतच चालते. १८५३ दिल्यास ते चूक दाखवते, म्हणून ‘बेस’ हे सूत्र वापरावे. पायथॉन उत्तराच्या आधी शून्य आणि ‘बी’ अशी दोन चिन्हे जोडतो, ती लांबीत धरू नयेत. तिसरा सापळा सर्वांत वाईट, कारण तो मुकाट्याने चूक करतो. एक्सेलच्या चौकटीत लांब द्विमान रूप साध्या संख्येसारखे टाइप केले, तर पंधराव्या अंकानंतरचे अंक शून्य होतात. मुंबई जीपीओचा पिनकोड ४००००१ घ्या. त्याचे रूप १९ अंकी, ११००००११०१०१००००००१, असे आहे. ते तसेच टाइप केले तर शेवटचा १ नाहीसा होतो आणि विषम संख्येची सम संख्या होते, म्हणजे ४०००००. रूप टाकण्यापूर्वी चौकटीचा प्रकार ‘टेक्स्ट’ करावा.

ऋण संख्यांचे रूप किती अंकी शब्दात (संगणकातील ठरावीक लांबीच्या जागेत) साठवले आहे यावर अवलंबून असते : उणे १८५३ सोळा अंकांत ६३६८३ सारखी दिसते. पूर्ण संख्यांच्या पत्रकात ते मिसळू नये.

९. स्वतः करून पाहण्यासाठी

त्या पहिल्या गाडीत सुमारे ४०० प्रवासी होते, म्हणून दुसरे पत्रक ४०० चे करावे. तुमची उत्तरे अशी यायला हवीत : लांबी ९, एक ३, शेवटची शून्ये ४, ३ ने भागल्यास बाकी १, ७ ने बाकी १, १७ ने बाकी ९. गण ‘त ज न’. विषम भाग ००१ ने संपतो आणि शून्ये सम आहेत, त्यामुळे वर्गसंख्येची शक्यता उरते, आणि ती खरी आहे : २०². क्रमगुणिताला २ ने ३९७ वेळा भाग जातो, मेरुप्रस्ताराच्या ओळीत ८ विषम संख्या असतात. जनक शोधताना एक सापडल्यावर थांबू नये, कारण ४०० ला दोन जनक आहेत : ३९५ आणि ३९६.